खुर्द्याचा हिशेब

चैत्र उतरणीला लागतो आणि आपली गावे पुन्हा माणसांनी भरून येतात. वर्षभर कुलपात राहिलेल्या घरांची दारे उघडतात, ओट्यावर मुंबईची पोरे खेळू लागतात, ग्रामदैवताच्या पालखीला नवे खांदे लागतात. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर या स्थानकांवर उतरणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला ‘कधी आलास?’ असे विचारण्याची आपली रीत आहे. यात्रेच्या आदल्या रात्री म्हातारी माणसे देवळाच्या पायरीवर बसतात आणि कोण आले, कोण वाटेवर आहे, कोण यंदाही राहिले याची उजळणी करतात. ती आपली खरी शिरगणती. तिच्यात आकडा कुणी विचारत नाही. आळीमागून आळी, घरामागून घर अशी नावे घेतली जातात, आणि एखादे नाव आले की दोन क्षण कुणीच काही बोलत नाही.

याच दिवसांत १४ एप्रिल येतो. सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ही जयंती. संध्याकाळी निळ्या झेंड्यांची मिरवणूक बाजारपेठेतून निघते आणि पाण्याचे पिंप घेऊन घरोघरची माणसे रस्त्याकडेला उभी राहतात. त्याच सकाळी देशभरातील अग्निशमन केंद्रांवर जवान रांगेत उभे राहून शांतता पाळतात आणि अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. शाळांतून प्रात्यक्षिके होतात, पोरे बंबावर चढून बघतात. हा सप्ताह नेमका याच तारखेला का, हे मात्र आता फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे. आणि ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले तरणेताठे हात मुंबईच्या गोदीला, गिरणीला आणि वखारींना दिले, त्या आपल्या गावांनी तरी हे विसरता कामा नये.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता: पाणतीर, सुरुंग, तोफगोळे. त्यातच कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या, तेलाची पिंपे होती, लाकूड होते. दारूगोळ्याच्या जहाजाने लाल निशाण लावावे, आणि असला माल धक्क्याला न आणता बाहेर खोल पाण्यातच पडावांत उतरवून घ्यावा, अशी शांततेच्या काळातली शिस्त होती. युद्धाच्या घाईत ती सैल झाली. जहाज थेट शहराच्या कुशीत आले, आणि त्याच्यावर निशाण नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी जहाजात ओतले गेले, पण आग कुठे लागली आहे हेच सापडेना आणि आतले पाणी उकळू लागले. पावणेचार झाल्यावर जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. पेटलेला कापूस आकाशातून खाली आला आणि मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदर या दाटीच्या वस्तीवर, धान्याच्या गुदामांवर, चाळींवर, झोपड्यांवर पडत राहिला. डझनभर जहाजे गेली. ऐंशी हजारांच्या घरात माणसे बेघर झाली, आणि आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. आग विझवता विझवता अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजचा सप्ताह त्यांच्या स्मरणाचा; भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकापुढे आजही दर वर्षी फुले वाहिली जातात.

या ६६ जणांपुढे आपण सारे नतमस्तक आहोत. पण त्यांच्या भोवती त्या दुपारी आणखी माणसे होती. पाठीवर गोणी घेतलेले हमाल होते, हातगाडीवाले होते, गुदामातले माथाडी होते, धुराकडे बघत धक्क्यावर उभे राहिलेले बघे होते आणि वस्तीतल्या चुलीपुढे बसलेल्या बायका होत्या. ते किती गेले?

इथून पुढे हिशेब अडखळू लागतो. एका मोजणीत ७४० मृत्यू सांगितले जातात. दुसरीकडे आठशेहून अधिक. काही अंदाज तेराशेपर्यंत जातात. ७४० मध्ये लष्करी माणसे किती आणि साधी किती, यावरही एकमत नाही. गोदीच्या आणि बंबाच्या सेवेतले २३१, हा आकडा त्यातल्या त्यात पक्का आहे, कारण ती माणसे कुणाच्या तरी हजेरीपटावर होती. त्याच्या पलीकडच्यांसाठी ‘पाचशेहून अधिक नागरिक’ एवढेच शब्द हाती लागतात. आठशे आणि तेराशे यांच्या मधले पाचशे म्हणजे आपल्याकडचा एक लहानसा गाव. यात्रेच्या रात्री एक अख्खा गाव आला की नाही, हेच ठाऊक नसावे, तसे हे आहे.

युद्धकाळात बातमीवर पहारा होता. जपानच्या ताब्यातील सायगाव आकाशवाणीने १५ एप्रिललाच या स्फोटाची सविस्तर हकीकत जगाला ऐकवली. इथल्या बातमीदारांना मात्र आपला वृत्तान्त बाहेर पाठवण्याची परवानगी मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. शत्रूला कळू नये म्हणून बातमी रोखली असे सांगितले गेले, आणि शत्रूलाच ती आधी कळली होती. कळायची राहिली ती वाठारच्या, कोरेगावच्या, रहिमतपूरच्या घराघरांत. तेव्हाची ती मीटर गेजची गाडी, पुण्याला उतरून पुन्हा गाडी बदलणे, आठवड्यांनी येणारे पत्र, महिन्याची मनिऑर्डर. एखाद्या घरात मनिऑर्डर चुकली असेल, मग दुसरीही चुकली असेल, आणि त्या दोन चुकलेल्या मनिऑर्डरींतूनच त्या घराला जे समजायचे ते समजले असेल. अशा घराला आपल्या माणसाची तिथीसुद्धा नक्की सांगता आली नसेल.

याच जहाजावर सोनेही होते. एकतीस पेट्या, पेटीत चार लगडी, लगड साडेबारा किलोंहून जड. स्फोटाबरोबर त्या लगडी उडाल्या. त्यातली एक मैलभर दूर राहणाऱ्या एका गृहस्थाच्या सज्जात येऊन पडली आणि त्याने ती प्रामाणिकपणे परत केली. पुढची कित्येक वर्षे बंदराचा गाळ उपसताना लगडी सापडत राहिल्या आणि सापडेल ती मूळ यादीशी ताडून पाहिली गेली. एकशे चोवीसपैकी किती मिळाल्या, किती राहिल्या, याचा हिशेब करता येतो. सोन्याला यादी होती. ज्या हातांनी ती पेटी वाहायची होती, त्या हातांना नव्हती.

आपल्याला हे नवीन नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झाले त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेतून कळली, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. त्या भाषेत विश्वासराव आणि भाऊसाहेब ही मोती होती, सरदार मोहोरा होते आणि बाकीचे सारे रुपये आणि खुर्दा. मोत्यांची आणि मोहोरांची संख्या पत्रात होती, खुर्द्याची गणती करणेच सोडून दिले होते. लढवय्यांच्या मागून त्या फौजेबरोबर काशी-प्रयागाच्या ओढीने निघालेले यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, बायकापोरे होती. घरोघर बांगड्या फुटल्या तेव्हा त्यातली एक सरदाराची आणि एक भिश्त्याची, असा आवाजात काही फरक झाला नसेल. तरीही खुर्दा हा शब्द आपण इतक्या सहजपणे उचलला, की आज तो पानिपताचा एक वाक्प्रचार होऊन बसला आहे. माणसाला सुटे नाणे म्हटले की ते सांडले तरी चालते, हा त्या शब्दाच्या पोटातला अर्थ आपण कधी तपासला नाही.

मुंबईच्या गोदीतला खुर्दा आपल्याकडून गेलेला होता, हे मात्र विसरता येणार नाही. माणदेश, खटाव, कोरेगाव, जावळी, पाटण या दुष्काळाच्या आणि डोंगराच्या पट्ट्यांतून माणसे मुंबईला जात आणि उतरत ती गावाच्या खोलीत. ही गावाची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. दहा-बारा फुटांच्या जागेत वीस-पंचवीस माणसे, पाळ्या लावून झोपायची. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी अंग टाकायचा. प्रत्येकाच्या नावाची पत्र्याची ट्रंक फळीवर, प्रत्येकाची खुंटी भिंतीला, आणि दाराशी गावदेवाची तसबीर. मासिक वर्गणीची एक वही असायची, तिच्यात कुणी किती दिले आणि कुणाचे थकले याची नोंद. त्या शुक्रवारी रात्री अशा कुठल्या खोलीत खुंटीवरचा सदरा कुणी काढला नाही, ट्रंकेचे कुलूप उघडले गेले नाही आणि जमिनीवरची एक जागा रिकामी राहिली, तर त्या एका जागेत साऱ्या सरकारी आकड्यांपेक्षा अधिक खरी मोजणी होती. ती वही आणि ती खुंटी कुणी विचारायला गेले नाही.

कागदपत्रांच्या अंगाने पाहिले तर हा माणूस दोन गावांच्या मधे पडतो. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. त्यामुळे आपल्या गावच्या कोतवाल बुकात त्याचे नाव येण्याचे कारण नाही. गावच्या दप्तरी तो मुंबईला गेलेला, आणि मुंबईच्या दप्तरी तो बाहेरगावचा. प्रेत ओळखण्याजोगे राहिले असेल तर कुणी नाव सांगणारा हवा, आणि नाव सांगणारा बहुधा त्याच पाळीला, त्याच धक्क्यावर, त्याच्याच शेजारी उभा होता. अशी माणसे युद्धात सगळीकडे असतात. पोटासाठी घर सोडलेल्याची नोंद सर्वांत आधी गळते. आज कुठल्याही पेटलेल्या शहरातून बातम्या येतात तेव्हा परप्रांतीय मजूर, निर्वासित आणि रस्त्यावर राहणारे यांचा आकडा शेवटी येतो किंवा येतच नाही. त्याचे बीज आपल्या घरातल्या त्या चुकलेल्या मनिऑर्डरीत आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यात लढवय्यांचे स्मरण नीट झाले आहे आणि ते व्हायलाच हवे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव दगडी पाट्या बसवल्या; गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि किती परतली नाहीत, एवढे त्यांवर कोरले आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले आणि त्याचे नावच ‘मिलिटरी अपशिंगे’ होऊन बसले. चावडीजवळच्या अशा पाटीवरून हात फिरवला की दगड गार लागतो, अक्षरे झिजलेली असतात आणि कुणीतरी शेंदूर लावलेला असतो. संख्या असलेला दगडही आपण देवासारखा मानतो. पण पाट्यांच्या या परंपरेत धक्क्यावरचा हमाल बसत नाही. त्याने बंदूक धरली नव्हती. त्याने बंदुकीची गोळी फक्त वाहिली होती.

शेजारच्या खटाव तालुक्यातील वडूजकडे बघा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तहसील कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, वडगावचे परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पडले, आणि एकूण नऊ जण हुतात्मा झाले. तिथे आकड्याचा घोळ नाही. गोळी झाडणाऱ्यांनी त्यांची मोजदाद ठेवली म्हणून नव्हे. ज्या गावांतून ती माणसे निघाली त्या गावांनी त्यांना नावानिशी परत मागितले म्हणून. दर ९ सप्टेंबरला ती नावे घेतली जातात. मोजणारा आपला असला की हिशेब पुरा होतो, याची साक्ष घरापासून दहा कोसांवर आहे.

दुसरीकडे ब्रिटनने आपल्या घरी काय केले तेही पाहावे. जर्मन बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या साध्या नागरिकांची, म्हणजे दूधवाला, शिवणकाम करणारी बाई, पाळण्यातले पोर, अशा सुमारे ६७ हजार जणांची नावे, त्यांचे पत्ते आणि मृत्यूचे ठिकाण यांची यादी युद्धसमाधी आयोगाने केली. तिचे खंड वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवले आहेत आणि त्यातले एक पान कायम उघडे असते. ही गोष्ट थोर आहे. लंडनमधल्या गल्लीत पडलेल्या माणसाचे नाव लिहून ठेवता येते, तर दाणाबंदरच्या गल्लीतल्या माणसाचेही येत होते. शाई तीच लागते.

आता जबाबदारीकडे वळू. चौकशी झाली आणि चुका नोंदल्याही गेल्या: दारूगोळ्याच्या खाली कापूस ठेवणे, लाल निशाण न लावणे, स्फोटके उतरवून घेण्यात दिरंगाई, आग कोंडण्यासाठी वाफेचा उपयोग न करणे, बंब बोलावण्यात गेलेला वेळ. जे मालमत्तेची मागणी घेऊन आले त्यांना सरकारने भरपाईही दिली. पण या चुका ओळीने मांडल्या की प्रत्येकीचा धनी वेगळा निघतो. माल भरणारा कराचीत, धक्का देणारा मुंबईत, युद्धाची निकड ठरवणारा लंडनमध्ये किंवा दिल्लीत. जबाबदारीचे असे तुकडे झाले की कुणाच्याही पदरात पडणारा तुकडा हातावर घेऊन चालण्याइतका हलका होतो. आपल्या मते अशा वेळी एक कसोटी लावावी: त्या जहाजात काय आहे हे कुणाला माहीत होते? ज्याला माहीत होते त्याची जबाबदारी सर्वांत जड, आणि ज्याला मुद्दाम माहीत होऊ दिले नाही त्याची काहीच नाही. निशाण नसल्यामुळे हमाल ओझे वाहत राहिला आणि बघ्या उभाच राहिला. ज्ञान वर राहिले, मरण खाली आले. ‘युद्ध होते’ हे उत्तर या कसोटीपुढे पुरत नाही, कारण युद्ध आभाळातून पडत नाही. त्याचे हुकूम कुणाच्या तरी सहीने निघतात.

आणि इथे या तारखेचा दुसरा धागा पहिल्यात येऊन मिळतो. ज्या दिवशी मुंबई पेटली त्या दिवशी वयाची ५३ वर्षे पूर्ण करणारे बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आदल्याच वर्षी, १९४३ मध्ये, त्यांच्या खात्याने युद्धात जायबंदी होणाऱ्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा आणि मालकाला त्यासाठी विमा उतरवायला लावणारा कायदा मांडला आणि तो संमत झाला. कायद्याची भाषा रुक्ष असते. तिच्या तळाशी असलेला विचार मात्र फार ओलाव्याचा आहे. बॉम्ब शत्रूचा असला तरी मजूर तुझ्या कामावर उभा होता, तू त्याला तिथे उभे केलेस, म्हणून त्याचे तुला द्यावे लागेल. जयंतीच्या भाषणांत संविधान येते, पाणी येते, शिक्षण येते. हा छोटासा कायदाही कुणीतरी वक्त्याने बाजारपेठेतल्या व्यासपीठावरून एकदा समजावून सांगावा. कारण भरपाई द्यायची तर आधी नाव लागते, मजुरी किती होती ते लागते, मागे कोण राहिले ते लागते. जबाबदारी मान्य करणारा कायदा पहिले काम म्हणून माणूस मोजायला लावतो.

जगाने पुढच्या काळात याबाबत काही शिकून घेतले, ते सारे मोठे दुःख भोगून. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने युद्धातील नागरिकांच्या संरक्षणाची चौकट आखली. १९७७ च्या जोड-कराराने आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क स्पष्ट शब्दांत मानला. त्या जोड-करारावर भारताने अजून संमतीची मोहोर उमटवलेली नाही, आणि ती उमटावी असे आपल्याला मनापासून वाटते. बोस्नियाच्या युद्धानंतर मृतांचा आकडा दोन लाखांच्या पुढे सांगितला जाई. सारायेवोतील काही संशोधकांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून, आयांना आणि विधवांना भेटून एकेक नाव लिहिले आणि सुमारे ९६ हजार नावांचा ग्रंथ सिद्ध केला. आकडा निम्म्यावर आला म्हणून दुःख निम्मे झाले नाही. उलट, फुगवलेल्या आकड्याच्या आड लपणारे आणि आकडाच नाकारणारे, दोघांचीही वाट बंद झाली. सिरियाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ मध्ये सांगितले, की दहा वर्षांत ३,०६,८८७ नागरिक गेले. त्यातले नाव, तारीख आणि ठिकाण यांसह एकेकटे नोंदलेले १,४३,३५०. उरलेल्यांपर्यंत गणिताने पोहोचावे लागले. त्या उरलेल्यांत कोण असतील याची कल्पना आपल्याला, गावाच्या खोलीच्या वारसांना, इतरांपेक्षा लवकर यावी.

गाझा, युक्रेन, सुदान ही नावे आता आपल्या सकाळच्या चहाबरोबर येतात. प्रत्येक ठिकाणी मोजणारा एक आणि ती मोजणी खोटी म्हणणारा दुसरा. मृतांचा आकडाच हत्यार होतो. आपल्या स्वतःच्या सरहद्दीवर मे २०२५ मध्ये पूंछच्या वस्तीवर तोफगोळे पडले तेव्हा घरात बसलेली माणसे आणि पोरे गेली, आणि आपण सारे हळहळलो. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे मुलगे त्याच सरहद्दीवर उभे असतात. त्यांच्यासाठी आपल्या माऊल्या दिवा लावतात. म्हणूनच एक गोष्ट मनावर दगड न ठेवता बोलली पाहिजे. सरहद्दीच्या पलीकडे एखादे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले तर त्याचेही नाव कुणीतरी लिहिले पाहिजे, आणि ते लिहिणाऱ्याला आपण शत्रूचा म्हणू नये. ज्यांच्या घरच्या माणसांची हकीकत सायगावच्या आकाशवाणीने सांगितली आणि स्वतःच्या सरकारने झाकली, त्यांच्या नातवंडांना हे समजायला जड जाऊ नये.

मोजण्याची भाषा आपल्याजवळ आहेच. बाजार समितीत वाघ्या घेवड्याची रास पडते तेव्हा जुन्या वळणाचा मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. धान्याच्या पहिल्या मापाशी इतक्या आदराने बोलणारी ही माती. आपल्या पितृपक्षात शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली आहे, तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे, आणि ज्यांचे कुणीच उरले नाही त्यांच्यासाठीही तर्पणाची ओंजळ आहे. पूर्वजांनी हे योजले तेव्हा युद्धातला आणि परमुलखातला अनाम मृत्यू त्यांच्या डोळ्यांपुढे असलाच पाहिजे. त्या ओंजळीत पाणी असते. तिच्यात नाव घालणे आपल्या पिढीकडे आले आहे.

१ मे जवळ आला. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत रस्ते, पाणी, घरकुले हे विषय असतातच. त्यांच्या शेवटी एक विषय जोडावा. १४ एप्रिल १९४४ ला आपल्या गावचे कोण मुंबईत गोदीवर, वखारीत, दाणाबंदरात होते आणि कोण परतले नाही. गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यांसाठी आपण तहसिलीच्या कपाटांतून जुनी कोतवाल बुके बाहेर काढली, मोडी जाणणारी माणसे शोधली, पणजोबांची नावे भिंगाने वाचली. ती सवय अजून ताजी आहे. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या जुन्या वह्या कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतील. ज्या पानानंतर एखाद्याची वर्गणी एकदम थांबते, ते पान आधी पाहावे. रकाने फार नकोत: नाव, वडिलांचे नाव, आळी, खोलीचा पत्ता, काम, आणि शेवटचे कुणी पाहिले. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे, आणि अशी माणसे तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. यात्रेला आलेले मुंबईकर परतीच्या गाडीला लागायच्या आत, वही घेऊन त्यांच्यातल्या पहिल्या घरी जायला हवे.